कपाट पुढे, काकू मागे

लहानपणी गिरगावात एक पट्टी मिळायची. तिरकी केली की तिच्यातली बाई डोळा मारायची. बाबांच्या पंचाहत्तरीला तसल्याच बारीक भिंगांच्या पत्र्याचा थ्रीडी फोटो द्यायची अवदसा मला आठवली. पट्टीवर भिंगांच्या रेषा आडव्या असतात, म्हणून चित्र पालटतं. त्याच उभ्या धरल्या की दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दिसतात आणि कागदाला खोली येते. एवढंच तर आहे, म्हटलं.

कॅमेरा इस्त्रीच्या टेबलावर बोटबोटभर सरकवत एकाच दृश्याचे १२ फोटो काढायचे होते. तोवर कुणी हलायचं नाही. ही अट आमच्या घराण्याला! सातव्या फोटोला कुकरची शिट्टी झाली आणि काकू "तीन झाल्या का गं?" म्हणत उठल्या. चौथ्या खेपेला सगळे जमले ते निव्वळ भुकेमुळे गप्प बसले.

मग या बाराही फोटोंच्या केसासारख्या पट्ट्या कापून एकाआड एक गुंफायच्या. कात्रीनं नव्हे, संगणकावर. माझ्या पत्र्यावर इंचाला ६० भिंगं, प्रत्येकाखाली १२ पट्ट्या, म्हणजे इंचाला ७२० ठिपके. लोअर परळच्या गाळ्यातल्या छपाईवाल्यानं विचारलं, "पिच टेस्ट काढली का, साहेब?" पत्रा ६० चा म्हणून विकला तरी तो नेमका ६० चा नसतो, ५९.९, ६०.१ अशा आकड्यांच्या रेघा छापून पत्र्याखाली ठेवायच्या आणि जुळेल तो आकडा धरायचा म्हणे. तो जुळेपर्यंत दुपार गेली. छापलेला कागद घेऊन मी जुलैच्या पावसात दादरला उतरलो. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळूनही दमट हवेनं तो फुगलाच, आणि पत्र्याखाली ठेवल्यावर काकूंना तीन नाकं आली. पुन्हा परळ.

दुसरा कागद पंख्याखाली वाळवला, श्वास रोखून चिकटवला आणि सगळ्यांसमोर धरला. खोली होती! पण उलटी. भिंग डावं-उजवं फिरवून दाखवतं, म्हणून पट्ट्यांचा क्रम उलटा लावायचा असतो. तो मी सुलटा लावला होता. त्यामुळे मागचं लोखंडी कपाट थेट अंगावर येत होतं आणि आख्खं खानदान त्याच्यामागे भिंतीत रुतलं होतं.

"मी कुठंय?" काकूंनी विचारलं.

बाबांनी चष्मा पुसला, फोटो लांब धरला, जवळ धरला. "कपाट काय सुरेख आलंय!" ते म्हणाले. "लग्नात घेतलेलं. हात लावून बघ, हँडल कसं बाहेर आलंय."