घर तिघांचं, किल्ली एकाकडे

आमच्या घराचे मालक तिघं: ताई, मी आणि धाकटा भाऊ. कागदावर प्रत्येकाचा एक तृतीयांश. प्रत्यक्षात राहायचा धाकटा, घरपट्टी भरायचो मी, आणि ताईला फक्त "इथे सही कर" एवढ्यापुरता फोन जायचा. सात वर्षं असंच चाललं. वकिलाच्या नोटिसाही देऊन झाल्या. परवा मिटलं, म्हणून लिहितोय.

भांडण हिश्श्याचं आहे असं आम्ही धरून चाललो होतो. पण हिस्सा किती, यावर आमचा कधी वाद नव्हताच! वाद हिशेबाचा होता. छप्पर बदलताना धाकट्याने पदरचे पैसे घातले, ते त्याच्या डोक्यात. घरपट्टी माझ्या डोक्यात. आणि हा इतकी वर्षं बिनभाड्याचा राहतोय, हे ताईच्या डोक्यात. शेवटी एका रविवारी सगळं वहीत मांडलं, तर बरेचसे आकडे एकमेकांत वळते झाले. उरलेल्या रकमेसाठी कोणी सात वर्षं अबोला धरला नसता.

दोन गैरसमज आमच्याकडेही होते. "इतकी वर्षं मीच राहतोय, म्हणजे घर माझंच" हा धाकट्याचा. एका सहमालकाचा ताबा हा सगळ्यांच्या वतीने धरला जातो. इतरांचा हक्क त्याने उघडपणे नाकारला आणि ते मुदत उलटेपर्यंत गप्प बसले, तरच गोष्ट बदलते. दुसरा माझा: "माझा हिस्सा बाहेरच्याला विकून टाकीन." विकता येतो, खरंय. पण 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे कुटुंबाच्या राहत्या घरात त्या परक्याला सोबत राहायचा हक्क मिळत नाही. त्याला वाटणीचा दावा लावावा लागतो. असला हिस्सा कोण रास्त भावाने घेणार? माझी धमकी पोकळ होती.

दावा लावणं म्हणजे घराण्याला बट्टा, असं मला वाटत नाही. कोणालाही जबरदस्तीने सामाईक मालकीत डांबून ठेवता येणार नाही, हे फ्रान्सच्या 1804 च्या दिवाणी संहितेतही लिहिलेलं आहे. बाहेर पडायचंय म्हणणारा घरभेदी नसतो.

तरीही आम्ही कोर्टात गेलो नाही. शेताचं सरस-निरस, म्हणजे चांगली-वाईट जमीन तोलून, वाटप होतं, एका जिन्याच्या घराचं कसं करणार? अशा वेळी 1893 चा विभाजन कायदा लागतो. निम्मा किंवा त्याहून जास्त हिस्सा असलेल्यांनी मागणी केली तर कोर्ट वाटणीऐवजी विक्रीचा हुकूम करू शकतं. ताई आणि मी मिळून दोन तृतीयांश, म्हणजे मागता आलं असतं. पण मग धाकट्याला, कोर्ट ठरवेल त्या किमतीला आमचे हिस्से घ्यायची मुभा होती. म्हणजे हिस्से ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा, कोर्टाने नेमलेला कमिशनर, तारखा, सगळं करून शेवट काय, तर धाकटा घर घेणार आणि आम्ही पैसे! तेच घरबसल्या का करू नये?

मग पाकिटं काढली. कल्पना ताईची. तिघांनी पूर्ण घराची किंमत लिहून पाकीट बंद करायचं. ज्याचा आकडा मोठा, त्याने घर घ्यायचं आणि त्याच आकड्याच्या एक तृतीयांशाप्रमाणे बाकी दोघांना द्यायचे. ज्याच्याकडे पैसा त्याचं फावतं, ही या पद्धतीतली खोट आहेच. म्हणून हप्त्यांची मुभा आधीच ठरवली. पाकिटं उघडायला एक अनोळखी वकीलबाई बसवल्या. काका तयार होते, पण काकांकडे त्यांचा स्वतःचा जुना हिशेब असतो.

गंमत माझीच झाली. सात वर्षं मी घराची किंमत फुगवून सांगत होतो. पाकिटात लिहिताना मात्र, ही आपल्यालाच मोजावी लागली तर, या भीतीने हात आखडला. धाकट्याचा आकडा सगळ्यात मोठा निघाला.

पहिला हप्ता मिळाला. दुसरा आला की नोंदणीकृत हक्कसोडपत्र. तोवर घरपट्टी मीच भरतोय, फक्त आता वहीत लिहून.