उदमांजर पकडून न्यायला सांगू नका

छपरावर किंवा माळ्यावर उदमांजर आलं की लोक पहिला फोन करतात तो "येऊन पकडून न्या" असा. तो फोन करू नका, एवढं सांगायला हे लिहितेय. लांब जंगलात नेऊन सोडलं की प्राण्याचं भलं होतं, हा समज मला अजिबात पटत नाही. आमच्या घरात हे सगळं घडून गेलंय, म्हणून जरा हक्काने बोलते.

आमचं घर जुनं, कौलारू. आवारात जांभूळ आणि उंबर. रात्री माळ्यावर कुणीतरी चालायचं. घूस असेल, असं सगळ्यांचं मत. पण घुशीच्या चालण्याने फळ्या अशा वाजत नाहीत. मग कुंपणाच्या भिंतीवर विष्ठा दिसायला लागली, जवळजवळ नुसत्या जांभळाच्या बियांची. उदमांजर फळ खातं, गर पचतो आणि बी तशीच बाहेर पडते. रानात कितीतरी झाडांचं बी असंच दूरवर पोचतं. शेवटी एका रात्री लेकीने टॉर्च मारला तर स्वारी पन्हळीच्या पाइपवरून उतरत होती. राखाडी अंग, पाठीवर ठिपक्यांच्या काळपट ओळी, डोळ्यांभोवती काळा पट्टा आणि शेपूट जवळजवळ अंगाइतकी लांब. उजेड पडला तसं थांबलं, आमच्याकडे पाहिलं आणि शांतपणे उतरून गेलं. लेक त्यानंतर रोज अंधार पडला की खिडकीत जाऊन बसायची.

सासूबाईंनी मात्र धास्ती घेतली. त्यांची खोली त्याच माळ्याखाली. फळ्यांवर लघवीचे डाग, खोलीत उग्र वास, रात्री-अपरात्री झोपमोड. हा त्रास खरा आहे. प्राणीप्रेमाच्या नावाखाली तो झटकून टाकणं मला मान्य नाही. शेजारच्या काकू तर पिंजरा घेऊनच आल्या होत्या. पण आधी आम्ही वन्यप्राण्यांची सुटका करणाऱ्या एका ओळखीच्या मुलाला बोलावलं. त्याने माळ्यावर डोकावून सांगितलं, "पिल्लं आहेत." आईला पकडून नेली असती तर पिल्लं माळ्यावरच उपासमारीने मेली असती. सासूबाई म्हणाल्या, "मग राहू दे. मी बाहेरच्या खोलीत झोपते." भीती वाटत असताना असं म्हणायला मोठं मन लागतं.

पकडून सोडण्याने काय होतं याचा धडा महाराष्ट्राने बिबट्यांच्या बाबतीत घेतलाय. 2000 नंतरच्या काही वर्षांत जुन्नर भागातल्या शेतांतून बिबटे पकडून दुसरीकडच्या जंगलांत सोडले गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला तेव्हा दिसलं, की जिथे सोडले त्या भागात माणसांवरचे हल्ले उलट वाढले. उदमांजर माणसावर चालून येत नाही, हे खरंय. पण अनोळखी जागी टाकल्यावर त्याचेही हालच होतात. फळझाड कुठे, लपायला ढोली कुठे, काहीच ठाऊक नसतं, शिवाय तिथे आधीपासून दुसरं उदमांजर असू शकतं. आणि इकडे कौलाखालची फट तशीच उघडी! तिथे नवा पाहुणा येणारच.

म्हणून प्राणी हलवू नका, फट बुजवा. तीही पिल्लं बाहेर पडल्यावरच. आम्ही पिल्लं आईमागे हिंडायला लागेपर्यंत थांबलो. मग फटीत कागदाचा बोळा हलकेच कोंबून ठेवला. काही रात्री तो जागचा हलला नाही, म्हणजे माळा रिकामा. त्यानंतरच जाड जाळी ठोकली, छपराला टेकलेल्या उंबराच्या फांद्या छाटल्या. एवढंच लागलं. फळ्या धुतल्यावर वासही हळूहळू गेला. प्राणी जखमी असेल किंवा अडकला असेल तर वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवा. स्वतः पिंजरा लावायच्या भानगडीत पडू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उदमांजराला संरक्षण दिलेलं आहे.

जांभळावर ते अजूनही येतं. हल्ली मुक्काम काकूंच्या गॅरेजच्या छतात दिसतोय. परवा त्यांनी पुन्हा पिंजरा काढला होता. आत पिल्लं आहेत का ते आधी बघू, असं मी म्हटलं तर तयार झाल्या. रविवारी शिडी घेऊन मी आणि लेक तिकडे जाणार आहोत.