मृगातल्या तेजोमेघाच्या त्या फोटोबद्दल खुलासा

गेल्या आठवड्यात मी टाकलेला मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा (म्हणजे अवकाशातल्या चमकणाऱ्या वायू-धुळीच्या ढगाचा) फोटो आता ‘मोबाइलवर एका क्लिकमध्ये टिपला, आज रात्री नुसत्या डोळ्यांनीही असाच गुलाबी दिसेल’ अशा मजकुरासह फिरतोय. फोटो माझाच आहे, मजकूर चुकीचा आहे. थोडा दोष माझाही. ‘शेतातून काढला’ एवढंच लिहून मी मोकळा झालो होतो.

हा माझा पहिलाच प्रयत्न. जुना डीएसएलआर कॅमेरा, २०० मिमीची लेन्स, साधा ट्रायपॉड. पृथ्वी फिरत असल्याने जास्त वेळ शटर उघडं ठेवलं की तारे रेघा होतात, म्हणून दीड-दीड सेकंदाचे ३०० फोटो घेतले (तरी तारे किंचित लांबट आलेच!). म्हणजे एकूण साडेसात मिनिटांचा प्रकाश. ते सगळे संगणकावर एकावर एक रचले, मग रंग उठावदार केले.

गुलाबी रंग खोटा नाही. तो मुख्यतः तापलेल्या हायड्रोजनचा, ६५६ नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश. पण अंधुक उजेडात आपल्या डोळ्यांना रंग जवळजवळ कळत नाहीत आणि हा लाल तर फारच कमी. त्यामुळे अंधाऱ्या जागेवरून, बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला, फक्त राखाडी धूसर ठिपका दिसतो. दुर्बिणीतून थोडा मोठा, एवढंच. तोही सुंदरच असतो, पण गुलाबी शोधायला गच्चीवर नेलेली मुलं हिरमुसतील.

तो मेसेज आला असेल तर कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय, त्यांना हा खुलासा द्या.