बॅटरीत अ‍ॅसिड ओतायला सांगणारा मेसेज

‘इन्व्हर्टरच्या बॅटरीचं आयुष्य दुप्पट करणारी पाच गुपितं’ हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. माझ्या मावसभावाला तो मिळाला आणि अ‍ॅसिड कुठे मिळेल, असं विचारायला त्याने मला फोन केला. त्याच्या घरी मावशीचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर वीज गेली की त्याच बॅटरीवर चालतो. त्यामुळे हा मेसेज मला नुसता सोडून देता येत नाही.

सुरुवात दुसऱ्या गुपितापासून, कारण सगळ्यात घातक तेच आहे: ‘पातळी खाली गेली की थोडं अ‍ॅसिड घाला, बॅटरी नव्यासारखी होते.’ साफ चूक! बॅटरी वापरली जाते तेव्हा अ‍ॅसिडमधलं सल्फेट आतल्या शिशाच्या प्लेटांवर जाऊन बसतं, चार्ज केली की ते परत द्रावणात येतं. अ‍ॅसिड कुठेही उडून जात नाही. जातं ते पाणी. चार्जिंगमध्ये त्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतो. म्हणून भरायचं तेही पाणीच, आणि फक्त डिस्टिल्ड. अ‍ॅसिड ओतलं की द्रावण कायमचं तीव्र होतं आणि प्लेटांची जाळी कुरतडली जाते. त्यातून हायड्रोमीटरचा, म्हणजे द्रावणाची घनता मोजणाऱ्या नळीचा, आकडा वर चढतो, म्हणून सल्ला लागू पडला असं वाटतं. तो आकडा ओतलेल्या अ‍ॅसिडचा असतो, बॅटरीत साठलेल्या विजेचा नव्हे. अ‍ॅसिड सांडलं असेल तर गोष्ट वेगळी, पण ते काम तंत्रज्ञाचं.

पाणीही चार्जिंग झाल्यावर भरावं, कारण चार्ज होताना पातळी वर येते. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र आधी त्या बुडतील एवढं घालून मगच चार्जिंग. झाकणं उघडी असताना जवळ काडीसुद्धा ओढू नका. हवेत 4 टक्के हायड्रोजन झाला तरी भडका उडू शकतो.

पहिलं गुपित, ‘महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण रिकामी करा.’ ही सवय जुन्या निकेल-कॅडमियम सेलची. इन्व्हर्टरची ही शिसे-आम्ल बॅटरी जितकी खोल उतरवाल तितकी लवकर झिजते, आणि रिकामी पडून राहिली तर प्लेटांवरचं सल्फेट घट्ट होऊन बसतं. यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करते: अधूनमधून भार टाकून बघायलाच हवं. पण ती चाचणी असते, औषध नव्हे.

चौथं गुपित, ‘मीटरवर 13 च्या वर आकडा म्हणजे बॅटरी ठणठणीत.’ 12 व्होल्टच्या बॅटरीवर चार्जर चालू असताना साधारण 13.5 दिसणारच, बॅटरी मेलेली असली तरीही. चार्जर काढून काही तास थांबलात तर पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 ते 12.7 दाखवते. तेवढ्यानेही क्षमता कळत नाही. आतल्या सहा सेलपैकी एक कमजोर असला तरी भार पडताच सगळी बॅटरी बसते. आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेचं 450 क्रमांकाचं मानक अशाच पाणी भरायच्या, एका जागी बसवलेल्या बॅटऱ्यांसाठी आहे. त्यात क्षमता मूळच्या 80 टक्क्यांवर आली की बॅटरी बदला असं म्हटलं आहे, कारण तिथून घसरण वेगाने होते. हे मीटरवर दिसत नाही. घरच्या घरी करायचं तर मेन स्विच बंद करून नेहमीचे दिवे-पंखे लावा, किती वेळ चालतात ते वहीत लिहा आणि मागच्या नोंदीशी ताडून पाहा. रुग्णाचं यंत्र या चाचणीत बॅटरीवर ठेवायचं नाही.

‘मेंटेनन्स-फ्री बॅटरीकडे बघायची गरज नाही’ हे तिसरं. पाणी भरायला लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. टर्मिनलवर गंज चढतोच, आणि पेटी फुगलेली दिसली तर ती बॅटरी ताबडतोब वापरातून काढायची.

पाचवं, ‘जमिनीवर ठेवल्याने बॅटरी उतरते.’ आजच्या प्लास्टिकच्या पेट्यांना ते लागू नाही. मेसेजमध्ये उन्हाचा, उष्णतेचा मात्र उल्लेखच नाही. 25 अंशांच्या वर दर 8 ते 10 अंशांना आयुष्य जवळपास निम्मं होतं, तेव्हा बॅटरी बंद कपाटातून आधी बाहेर काढा.