‘स्वप्नं विकू नका’ म्हणणाऱ्या दादांना

नमस्कार दादा,

घरातल्या इलेक्ट्रॉनिक सिस्टीमचं डिझाइन, म्हणजे टीव्ही, नेटवर्क, कॅमेऱ्यांच्या तारा कुठून जाणार याची आधीच आखणी, शिका, असं मी एका लेखात आयटीआयच्या पोरांना सुचवलं. त्यावर तुम्ही लिहिलंत: ‘जळगाव-धुळ्यात कागदावरच्या रेघोट्यांना कोण पैसे देतं? पोरांना स्वप्नं विकू नका. परीक्षा इंग्रजीत, फी डॉलरमध्ये, शिकलेला पोरगा पुण्याला पळणार. चालतं ते तुमचं दुकान.’

मतभेदाचं मला वावडं नाही. पण ‘दुकान’? कुणाकडून एक रुपया घेतला असेल तर दाखवा. नाव न लिहिता चिखल उडवायला काय जातं?

आता ‘रेघोट्या’. मी मुळात वायरमन. भुसावळात छिन्नी-हातोडी घेऊन भिंती फोडत शिकलो. तिथल्याच एका बंगल्यात ठेकेदाराने टीव्हीमागे पाऊण इंची पाइप टाकायला लावला. प्लास्टर झालं, रंग झाला, आणि एचडीएमआयचं, म्हणजे टीव्हीला चित्र-आवाज देणाऱ्या केबलचं डोकं पाइपाच्या बेंडमध्ये अडकलं ते अडकलंच. मालकाने हौसेने स्मार्ट स्विच आणले, तर त्यांना लागणारी न्यूट्रलची तारच बोर्डात नाही. पुन्हा फोडाफोड, पुन्हा रंग. तुम्ही म्हणता डिझाइनला कुणी पैसे देत नाही. देतात हो, फक्त ते गवंड्याच्या आणि रंगाऱ्याच्या खिशात जातात!

भिंतीतली कॅट-६ केबल, म्हणजे नेटवर्कची तार, ९० मीटरच्या आत, टोकांच्या जोडतारा (पॅचकॉर्ड) धरून १००. विजेच्या तारांच्या पाइपात डेटाची केबल घालायची नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या घरात जातो, तेव्हा पत्र्याखालच्या माळ्यावर कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर कोंबायचा नाही. हे सगळं स्लॅब पडायच्या आधी नकाशावर ठरतं. याला रेघोट्या म्हणत असाल तर इंजिनिअरचा नकाशाही रांगोळीच.

फी जड आहे, हे मान्य. म्हणूनच मी क्रम दिला होता: आधी वायरमन किंवा इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा ट्रेड, मग साइटवर हात बसवणं, मग केएनएक्सचा, म्हणजे घरातले दिवे, पडदे, एसी एकत्र चालवणाऱ्या यंत्रणेच्या मानकाचा बेसिक कोर्स (तो भारतातही होतो), आणि परवडलं तरच सीडिया, म्हणजे हेच काम करणाऱ्यांच्या १९८९ पासूनच्या अमेरिकन संस्थेची परीक्षा. लेख शेवटपर्यंत वाचला असतात तर दिसलं असतं.

इंग्रजीचं म्हणाल तर पोरं मोबाइलवर याहून अवघड गोष्टी शिकतात. आणि पुण्याला पळण्याचं दुखणं डॉक्टर-इंजिनिअरांनाही आहे, ते माझ्या माथी कशाला?

पुढच्या वेळी नाव आणि गाव लिहा. निनावी प्रतिक्रिया यापुढे मंजूर होणार नाही.