एक पातेलं सूप आणि घराण्याची अब्रू

डिसेंबर उजाडला की नाशिकच्या वर्तमानपत्रांत एक चौकट ठरलेली असते : निफाडचा पारा घसरला. निफाड आमच्या घरापासून चांगलं चाळीसेक किलोमीटर लांब, पण तिथला पारा वाचून आम्ही इंदिरानगरात मफलर गुंडाळतो. तिकडे बागाईतदार द्राक्षं वाचवायला रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, इकडे आम्ही खाण्याचे बेत करतो. बहुतेकांचा बेत मिसळीपाशी किंवा हुरड्यापाशी थांबतो. माझा स्वीडनपर्यंत गेला.

त्याला कारण आहे. आठेक वर्षांपूर्वी कंपनीनं मला एका मशिनच्या ट्रायलसाठी तीन आठवडे स्वीडनला धाडलं होतं, तेही ऐन फेब्रुवारीत. तिथल्या कँटीनमध्ये दर गुरुवारी एकच पदार्थ : पिवळ्या वाटाण्याचं दाट सूप, त्यात खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे, ताटलीच्या कडेला मोहरीच्या चटणीचा ठिपका, आणि वर धिरड्यासारखं पॅनकेक न् जॅम. गुरुवारच का, तर पूर्वी शुक्रवारी उपास असायचा, म्हणून आदल्या दिवशी तब्येतीत जेवून घ्यायचं, असं तिथले लोक सांगतात. उपासाच्या धाकानं आदल्या दिवशी हादडणारी माणसं बघून मला एकदम घरच्यासारखं वाटलं होतं. तीन गुरुवार मिळाले, तिन्ही गुरुवारी मी दोनदा वाढून घेतलं.

इंग्लंड-अमेरिकेत हेच सूप हॅमच्या, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांडीच्या, हाडावर करतात. सणाचं हॅम खाऊन झालं की उरलेलं हाड आणि मूठभर वाटाणा डाळ पाण्यात रटरटत ठेवायची. म्हणजे मुळात हा उरल्यासुरल्याचा संसार. आपल्याला काय अवघड आहे, असं वाटलं, आणि तिथंच फसलो.

पहिली अडचण कालनिर्णयाची. मार्गशीर्षात आमच्याकडे महिनाभर मांसाहार बंद, त्यात गुरुवारी बायकोचं महालक्ष्मीचं व्रत. स्वीडनचा गुरुवार आणि आमचा गुरुवार यांचं जमणं या जन्मी शक्य नव्हतं. पौष लागल्यावर सोमवार, शनिवार, एकादशी, संकष्टी वजा करत करत एक बुधवार हाती लागला. तोवर बायकोनं मोबाइलवर अभ्यास सुरू केला होता.

"अहो, तुमच्या त्या स्वीडनच्या एरिक राजाला १५७७ साली कैदेत असताना वाटाण्याच्या सुपातूनच विष दिलं म्हणे. १९५८ साली थडगं उघडून तपासलं तर खरंच आर्सेनिक सापडलं."

"मग?"

"काही नाही. माहिती म्हणून सांगितलं."

बायको कोल्हापूरची. मटणाला तिची हरकत नसते, पण बाकीच्या प्राण्यांशी तिची ओळख नाही. आई माळकरी. तिनं मात्र आमच्या घरातला हा प्रश्न वीस वर्षांपूर्वीच सोडवून टाकलाय : मांसाहारासाठी गॅलरीत वेगळी शेगडी, वेगळं पातेलं, वेगळा कुकर. "उंबऱ्याच्या पलीकडे काय शिजतं ते मला दिसत नाही," एवढाच तिचा करार. दिसतं सगळं, कारण तिची खुर्ची बरोब्बर गॅलरीच्या दारात असते.

हॅम मिळेल की नाही या काळजीनं मी देवळाली कॅम्पापर्यंत जायची तयारी ठेवली होती. कुणी ओळखीचं भेटलं तर काय सांगायचं हेही ठरवलं होतं. गंगापूर रोडवरच्या पहिल्याच फ्रोझनच्या दुकानात पोरानं न बघता विचारलं, "स्लाइस का चंक?" चंक. हाड मिळत नाही म्हणाला. कापडी पिशवीत टाकून दिलं, मागं उभ्या असलेल्या काकू चीझ निवडत राहिल्या. पाच मिनिटांत कारभार आटोपला. मी काहीसा हिरमुसलोच.

मग राहिली डाळ. ती काय, कुठल्याही किराणा दुकानात मिळेल!

"शेठ, वाटाणा डाळ आहे का अर्धा किलो?"

दुकान गप्प झालं. शेजारी बेसनाचा पुडा घेऊन उभ्या असलेल्या बाईंनी तो हळूच काउंटरवर परत ठेवला. शेठनी आधी त्या पुड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आपल्याकडे तसलं काही नसतं."

तसलं! तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. वाटाण्याची डाळ हरभऱ्याच्या डाळीपेक्षा स्वस्त, रंगानं तिच्या सख्ख्या बहिणीसारखी, आणि एकदा दळली की कोण कुठली हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. त्यामुळे ती लोकांच्या घरात वर्षानुवर्षं जाते, पण बेसनाच्या नावानं. किराणा दुकानात चारचौघांत वाटाणा डाळ मागणं म्हणजे दूधवाल्याकडे जाऊन "आज नुसतं पाणीच द्या" म्हणण्यासारखं आहे. पुढच्या दुकानात मी आवाज खाली आणला. त्यानं आणखी वाईट झालं. तिसऱ्या दुकानदारानं मला अन्नभेसळवाल्यांचा माणूस समजून खुर्ची दिली आणि चहा मागवला.

मला हे आधी सुचायला हवं होतं, कारण मी किराणा दुकानदाराचाच मुलगा. रविवार कारंज्याजवळ अण्णांचं छोटं दुकान होतं. अण्णांची ख्याती दोन गोष्टींसाठी : ते उधारी विसरत नसत, आणि त्यांच्या बेसनात वाटाणा नसे. त्यांनी चाळीस वर्षं ती डाळ दुकानाच्या फळीवर चढू दिली नाही. एकदा कुणी व्यापाऱ्यानं नमुना म्हणून आणलेली पुडी त्यांनी त्याच्या देखत गायीपुढे टाकली, ही गोष्ट आमच्याकडे रामायणासारखी सांगितली जाते. (गायीनं खाल्ली की नाही, हे कुणीच सांगत नाही.)

शेवटी अण्णांच्याच काळातल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"तू अण्णांचा ना?"

"हो."

"आणि वाटाणा डाळ?"

"सूप करायचंय, काका."

"हो का," ते म्हणाले, खोकल्यासाठी ब्रँडी घेतो म्हणणाऱ्याला म्हणावं तसं. मग पोत्यांमागं गेले, वर्तमानपत्राच्या पुडीत डाळ बांधून आणली आणि माझ्या पिशवीत तळाशी, हॅमच्याही खाली, सरकवली. बिल दिलं नाही.

घरी आल्यावर मी हॅम बिनधास्त हातात धरून गॅलरीत नेलं. आईनं मान वळवली नाही. मग पुडी सोडली.

"ती डाळ बघू."

तिनं चार दाणे तळहातावर घेतले, एक अंगठ्यानं चोळला, एक दाढेखाली धरला. ज्या बाईनं जन्मभर धान्य निवडलं, तिच्यापुढे स्कॅनर काय करील?

"वाटाणा." आईनं दाणे पुडीत परत टाकले आणि पदराला हात पुसला. "अरे, ते डुक्कर तुझं तू बघ, मला त्यात बोलायचं नाही. पण ही या घरात? अण्णा समोर आहेत!"

अण्णा खरंच समोर होते. जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर, चंदनाच्या हारात, दुकानाच्या उद्‌घाटनाची टोपी घालून.

शेवटी डाळसुद्धा उंबऱ्यापलीकडे जाईल, या बोलीवर तह झाला. मांसाहाराच्या शेगडीवर हद्दपार झालेली ही पहिली डाळ असावी.

रेसिपीत लिहिलं होतं : झाकण अर्धवट ठेवून मंद आचेवर तास-दीड तास, डाळ आपोआप विरघळेल. कांदा, गाजर, हॅमचे तुकडे, पाणी. मीठ नको, हॅमचंच पुष्कळ असतं. थाइम नावाचा पाला हवा होता, तो नव्हता. त्यात जो थायमॉल नावाचा वासाचा अंश असतो तोच आपल्या ओव्यात असतो, हे मला ठाऊक होतं, म्हणून चिमूटभर ओवा टाकला. दारातून आवाज आला, "बरं केलंस. वाटाणा वात धरतो." सबंध दिवसात माझ्या बाजूनं झालेलं हे एकमेव मतदान.

तास झाला. दीड झाला. दोन. कांदा विरघळला, गाजर विरघळलं, मी विरघळायच्या बेतात होतो. डाळ मात्र पातेल्याच्या तळाशी खडीसारखी खुळखुळत होती. 

"जुनी आहे," आई म्हणाली. "गोदामात दोन पावसाळे काढलेत तिनं. नुसती उकळून काय होतंय? कुकरला लाव, वर नखभर सोडा टाक. आणि कुकर अर्ध्याच्या वर भरू नकोस."

पहिल्या दोन सूचना मी ऐकल्या. तिसरी ऐकली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती. वाटाणा शिजताना भयंकर फेसाळतो, आणि कुकर गळ्यापर्यंत भरला की तो फेस वाट शोधत शिट्टीशी येतो. पहिली शिट्टी झाली नाही. शिट्टी थरथरली, तिच्या बुडातून एक पिवळा बुडबुडा आला, फुगला, फुटला. दुसरा आला. मी "अगं, हे काय" एवढं म्हणेपर्यंत फस्सकन पिवळी चिळकांडी उडाली. छताला लागली, परत फिरली, आणि दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या कंपनीच्या तीन शर्टांवर हळदीच्या कार्यक्रमासारखी उतरली. मी झाडूच्या दांड्यानं शेगडीचं बटण बंद केलं. आई खुर्चीतून हलली नाही. फक्त उंबऱ्याच्या अलीकडे उडालेला एक थेंब तिनं पायपुसण्यानं पलीकडे ढकलला.

निम्मं सूप छतावर गेल्यावर उरलेलं मात्र झकास जमलं. दाट, मखमली, खाली धुराचा मंद वास. मी सवयीनं थोडं मीठ टाकून बसलो होतो, ते टाकलं नसतं तर आणखी बरं झालं असतं. बायकोनं एरिक राजाचं स्मरण करून एक चमचा घेतला, मग वाटी घेतली. हॅमचे तुकडे माझ्या वाटीत टाकून तिनं सूप संपवलं. ताटात मोहरीची चटणी, आणि पॅनकेकच्या जागी कालचं थालीपीठ. मी डोळे मिटले. कँटीन, बर्फ, तीन गुरुवार, सगळं आलं.

रात्री आईचा येवल्याच्या मावशीला फोन चालला होता, एकदम दबक्या आवाजात. "काय सांगू तुला... घरात वाटाणा डाळ आणली होती त्यानं... हो, हो, आपल्या घरात... नाही गं, ते हॅम का काय ते ठीक आहे, ते गॅलरीत होतं."

उरलेलं सूप सकाळपर्यंत फ्रीजमध्ये असं थिजलं की सुरीनं वड्या पाडता आल्या असत्या. पाणी घालून गरम केलं आणि संपवलं. प्रश्न उरलेल्या पाव किलो डाळीचा होता. टाकवत नव्हती, ठेवता येत नव्हती. बायको म्हणाली, "माझ्यावर सोडा," आणि मी सोडलं.

रविवारी संध्याकाळी कांदाभजी झाली. विलक्षण कुरकुरीत. आईनं पहिलं भजं तोंडात टाकलं, आणि तिची चावण्याची गती मंदावली. बशीतला एक चुरा तिनं अंगठा आणि तर्जनीत धरून चोळला. बायको कढईकडे बघत होती, मी चहाकडे.

"आणखी आहेत?" आईनं विचारलं.

मग ती उठली, बशी घेऊन टेबलाला वळसा घातला, आणि अण्णांच्या फोटोकडे पाठ होईल अशा खुर्चीवर जाऊन बसली.