आलेख लगेच दाखवू नका

नमस्कार सर,

स्लाइडवरच्या प्रश्नमंजुषांमुळे मुलं विचार सोडून नुसती बटणं दाबायला शिकतात, आणि खडू-फळा असताना हा खटाटोप कशाला, असं तुम्ही लिहिलंय. पहिलं म्हणणं मला बरंचसं पटतं. कहूट या मोबाइलवरच्या प्रश्नमंजुषेच्या खेळात लवकर उत्तर दिलं की गुण जास्त, म्हणून पर्याय पुरते न वाचताच बोट टेकवलं जातं. माझ्या वर्गात हे झालंय. उजळणीला ते चालतं, पण नवी संकल्पना शिकवताना मी ही शर्यत बंद केली.

उत्तर नोंदवणं मात्र सोडलं नाही. नववीला विचारलं होतं: सरळ वर फेकलेला चेंडू अगदी वरच्या टोकाला पोचला, त्या क्षणी त्याचं त्वरण किती? निम्म्याहून जास्त मुलांनी ‘शून्य’ निवडलं. तोंडी विचारलं असतं तर पुढच्या बाकांवरचे तीन-चार हात वर आले असते, बरोबर उत्तर मिळालं असतं आणि मी पुढचा मुद्दा घेतला असता. बाकीच्यांचा गोंधळ मला कळलाच नसता.

कोणत्या पर्यायाला किती मतं पडली हे दाखवणारा आलेख मी झाकून ठेवला आणि म्हटलं, दोन मिनिटांत शेजाऱ्याला तुमचं उत्तर पटवा. एरवी गप्प असणारी एक मुलगी शेजारणीला म्हणाली, “त्वरण शून्य असतं तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता ना?” मी इतकी वर्षं वेग आणि त्वरण यांतला फरक समजावतेय, पण इतकं नेमकं मला कधी सुचलं नव्हतं. दुसऱ्या फेरीत बहुतेकांनी ९.८ मी/से², खालच्या दिशेने, हे बरोबर उत्तर निवडलं.

ही युक्ती माझी नाही. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर १९९१ पासून असं शिकवत आले. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर आली तर चर्चा, त्याहून कमी आली तर आधी पुन्हा समजावणं, असा त्यांचा ढोबळ नियम. आलेख आधीच दाखवला तर मुलं बहुमताकडे झुकतात आणि वाद संपतो.

वेळेचं म्हणाल तर तासाला असा एकच प्रश्न, फार तर दोन.

आणि हो, यासाठी मोबाइल लागतोच असं नाही. चार रंगांची कार्डंही चालतात, फक्त ती छातीशी धरायला सांगा, नाहीतर शेजाऱ्याचा रंग बघून स्वतःचा बदलतात. हाच चेंडूचा प्रश्न तुमच्या वर्गात विचारून बघा आणि किती जण ‘शून्य’ म्हणाले ते नक्की कळवा.